रोजनिशी वीस वर्षांनी उघडली तर वाचता यावी आणि हवी ती नोंद सापडावी: काय काय करावं?

समासरेषा
रोजनिशी लिहावी का, तिचा उपयोग काय, यावर पुष्कळ चर्चा झाल्या आहेत. इथे तो विषय नको. लिहायचं ठरलं आहे असं धरून पुढचा प्रश्न विचारते. लिहिलेलं टिकतं का, आणि टिकलं तर सापडतं का?

रोजनिशी तीन ठिकाणी दगा देते. शाई उडते किंवा कागद पिवळा पडून कडेने तुटायला लागतो. हे झालं नाही तर मजकूर अडतो: "आज त्याच्याशी बोलणं झालं, जमेल असं वाटतं." यातला 'तो' कोण आणि जमायचं होतं ते काय, हे पाच वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि तिसरं म्हणजे, वह्या सात, आणि हवी ती नोंद कोणत्या वहीत हे कळायला सातही चाळाव्या लागतात.

माझं मत असं की रोजनिशीचा वाचक म्हणजे आजचं सगळं विसरलेले आपणच. वही, पेन, मांडणी हे सगळं त्या विसरभोळ्या वाचकाकडे बघून ठरवावं. जाणकारांनी नेमकं लिहावं. कोणती वही, कोणती शाई, पानावर काय कुठे, ठेवायची कशी.

टिपकागद
छान धागा. वाचनखूण साठवली.

जुजबंदी
वहीपासून सुरुवात करतो.

वही मिटून पाठीजवळची वरची कड बघा. पानांचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे फर्मे, वेगळे दिसत असतील आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या मधल्या घडीत दोरा असेल, तर ती शिवलेली वही. ती टेबलावर सपाट उघडते आणि तिचं एक पानही सुटत नाही. सगळी पानं एका रेषेत कापून पाठीला नुसती गोंदाने चिकटवलेली असतील, तर ती वही रोजनिशीसाठी घेऊ नका. रोज पूर्ण उघडली की गोंदाचा थर मधोमध चिरतो, आणि एक पान निघालं की शेजारचं त्याच्यामागून येतं. तारेच्या गोल बांधणीत वेगळाच तोटा आहे. पान फाडणं फार सोपं, आणि रागाच्या भरात लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशी फाडलं जातं. शिवाय पाठ नसल्याने फळीवर उभी ठेवली की तिच्यावर तारीख दिसत नाही. मधोमध दोन पिना मारलेल्या वह्या स्वस्त, पण दमट हवेत पिना गंजतात आणि गंज भोवतीचा कागद खातो.

कागदाचं वजन ८० ते १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम, असावं. मात्र जीएसएमच्या आकड्यावर विसंबू नका. शाई फुटते की नाही हे कागदाला दिलेल्या सायझिंगवर ठरतं, म्हणजे धागे शाई ओढून घेऊ नयेत म्हणून लावलेल्या द्रव्यावर. सायझिंग कमी असेल तर १०० जीएसएमवरही अक्षराला मिशा फुटतात. उलट ५२ जीएसएमचे काही पातळ कागद फाउंटन पेनाची शाई व्यवस्थित झेलतात. फक्त मागचं लिखाण आरपार दिसतं, त्यामुळे पानाच्या एकाच बाजूला लिहावं लागतं.

टिकाऊपणासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे, १९९४ सालचं. त्यात कागदाचा पीएच ७.५ ते १० च्या दरम्यान लागतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने किमान २ टक्के अल्कलीचा साठा लागतो. हवेतलं आणि शाईतलं आम्ल हा साठा झेलतो. असा कागद असेल तर वहीवर वर्तुळातलं अनंताचं चिन्ह असू शकतं. चिन्ह नसेल तर निदान 'आम्लमुक्त' लिहिलेली वही घ्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो लाकडातल्या लिग्निनमुळे, आणि तेच लिग्निन स्वस्त वहीतही असतं.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: देवनागरीला ८ मिलिमीटरच्या रेघा लागतात. ६ किंवा ७ मिलिमीटरमध्ये वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो आणि घाईचं अक्षर पुढे वाचता येत नाही.

अर्धविराम
जुजबंदी, रेघांचा मुद्दा आवडला. ८ मिलिमीटर धरून हिशेब केला. ए५ पान २१० मिलिमीटर उंच, वरखाली मिळून २५ सोडले तर २३ ओळी. रोज ४ ओळी लिहिल्या तर वर्षाच्या १४६० ओळी, म्हणजे साधारण ६४ पानं. १९२ पानांची एक वही तीन वर्षं पुरते. रोज पानभर लिहिणाऱ्याला मात्र वर्षाला अशा दोन वह्या लागतील. वही घेण्याआधी हा हिशेब करावा. जाडजूड वही घेऊन चौथा भाग भरला की ती अर्धवट राहिल्यासारखी वाटते आणि लिहिणं थांबतं.

काजळशाई
शाईबद्दल लिहितो. थोडं लांबेल.

शाईचे ढोबळ दोन प्रकार: रंगद्रव्य पाण्यात विरघळलेलं (डाय) आणि रंगाचे बारीक कण पाण्यात तरंगणारे (पिगमेंट). फाउंटन पेनाच्या बहुतेक रंगीत शाया पहिल्या प्रकारातल्या. दिसतात सुंदर, पण उन्हात उडतात आणि पाण्याचा थेंब पडला की पसरतात. जांभळा आणि गुलाबी रंग विशेष लवकर जातात. पिगमेंट शाई कागदावर बसून राहते. काजळीची, म्हणजे कार्बनची काळी शाई तर उजेडाने उडतच नाही.

तिसरा जुना प्रकार मायफळ आणि हिराकस यांचा. लिहिताना फिकट, हवा लागली की काळी होत जाते आणि कागदाच्या धाग्यात मुरते. पाण्याने जात नाही. पण ती आम्लधर्मी असते. जुन्या हस्तलिखितांत अक्षराच्या जागी भोकं पडलेली दिसतात ती हिच्यामुळे. आताच्या फाउंटन पेनासाठीच्या शाया बऱ्याच सौम्य आहेत. तरी ही शाई पेनात वाळू देऊ नये. ३-४ आठवड्यांनी निब आणि फीड, म्हणजे निबला शाई पुरवणारा तिच्याखालचा भाग, साध्या, गार पाण्याने धुवावेत. गरम पाणी नको, प्लास्टिकचे भाग वाकतात.

चित्रकलेची 'इंडिया इंक' फाउंटन पेनात कधीही भरू नका. तिच्यात लाखेसारखं बंधक असतं. ते वाळलं की फीडच्या बारीक वाटा बंद होतात आणि पेन सहसा वाचत नाही. ती टाकाने, दौतीत बुडवून वापरायची शाई.

बॉलपेन वापरणाऱ्यांसाठी आयएसओ १२७५७ चा दुसरा भाग आहे, दस्तऐवजी वापराच्या रिफिलींसाठी. रोलरबॉलसाठी आयएसओ १४१४५ चा दुसरा भाग. पाकिटावर हा आकडा असेल तर डोळे मिटून घ्यावं.

आणि खोडता येणारे जेल पेन? रोजनिशीसाठी अजिबात नको. त्यांची शाई उष्णतेने रंगहीन होते, साधारण ६० अंशांना. खोडरबर घासल्याने जी उष्णता तयार होते तिनेच अक्षर जातं. उन्हात बंद गाडीत वही राहिली तर पानंच्या पानं कोरी दिसू शकतात. शून्याखाली बऱ्यापैकी गार केलं की मजकूर पुष्कळदा परत दिसतो, पण खोडलेलंही त्याच्यासोबत परत येतं.

निळी_रेघ
शेवटचं वाक्य वाचून वही फ्रीजमध्ये ठेवायला निघालेल्यांनी आधी पेनाचा प्रकार बघा :)

काजळशाई, घरच्या घरी शाई तपासायची काही रीत आहे का? पाकिटावर आकडे नसलेलेच पेन जास्त असतात.

काजळशाई
आहे. जो कागद वापरणार त्याचीच पट्टी घ्या. प्रत्येक पेनाने एकच वाक्य लिहा, शेजारी पेनाचं नाव आणि तारीख. पट्टीचा उजवा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि ती खिडकीच्या काचेला आतून, लिखाण बाहेरच्या बाजूला ठेवून, ६ आठवडे लावा. पुठ्ठा काढला की दोन्ही भागांतला फरक दिसतो. दुसऱ्या पट्टीवर लिहून २४ तास वाळू द्या, मग एक मिनिट पाण्यात बुडवून सपाट वाळवा. दोन्हींत पास झालेलं पेन घ्या आणि त्याच्या पाच-सहा रिफिली आणून ठेवा. ही तपासणी कंपनीच्या जाहिरातीपेक्षा भरवशाची, कारण तीत तुमचा कागदही तपासला जातो.

अर्धविराम
सगळं मान्य, पण शाईवर इतका भर देण्याला माझा थोडा विरोध आहे. पेन्सिल विसरलात. ग्राफाइट उजेडाने उडत नाही, पाण्याने पसरत नाही, कागदाला खात नाही. पुसटते ती फक्त घासल्याने. एचबी किंवा बी पेन्सिलीने जरा दाबून लिहिलं तर पुरेसं आहे. अभिलेखागारांच्या वाचनकक्षात पेन बंद आणि पेन्सिल चालते, यातच काय ते आलं. रात्री अंथरुणात पडून लिहिणाऱ्याला तर पेन्सिलच बरी, उलटी धरली तरी चालते.

काजळशाई
पेन्सिलीला मान्यता. फक्त बी पेक्षा मऊ नको. २बी, ४बी वही मिटली की समोरच्या पानावर उमटते.

शिरोरेखा
समासरेषा यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलं नाही. मला तेच सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. उडालेली शाई क्वचित, न कळणारी नोंद रोजची.

वही सुरू करताना पहिली सहा पानं सोडायची. पहिल्या पानावर वहीचा क्रमांक, सुरुवातीची तारीख, आणि शेवटच्या तारखेसाठी जागा. पुढची चार पानं सूचीची. सहावं पान माणसांचं.

माणसांचं पान असं: रोजनिशीत येणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, आपल्याशी नातं, आणि नोंदीत वापरायचं लघुरूप. वहीत एकाच नावाची दोन माणसं असली की हे पान नसेल तर गोंधळ ठरलेला. नवं माणूस आलं की त्या दिवशीच्या नोंदीत एकदा पूर्ण नाव लिहायचं आणि लगेच त्या पानावर भर घालायची. प्रत्येक नव्या वहीत हे पान पुन्हा लिहायचं, जुन्या वहीकडे बोट दाखवायचं नाही. वह्या वेगळ्या होतात.

पानांना क्रमांक सुरुवातीलाच घाला. फक्त उजव्या पानांवर घातले तरी चालतं, डावं पान आपोआप कळतं आणि काम निम्मं होतं.

नोंदीच्या डोक्यावर वार, तारीख, महिना अक्षरात, वर्ष पूर्ण, वेळ, ठिकाण. "५/६" नको. जून की मे हे पुढे कोण सांगणार? वार जरूर लिहा. तारीख चुकली तर वारावरून पकडता येते. मध्यरात्रीनंतर लिहिलेली नोंद कोणत्या दिवसाची, याचा नियम एकदा ठरवून पहिल्या पानावर लिहून टाका.

मजकुरात सर्वनामं कमी. 'तो प्रश्न', 'ती गोष्ट', 'नेहमीचंच' हे शब्द पुढच्या वाचकाला कुलूप लावतात. प्रत्येक नोंदीत निदान एक आकडा आणि एक नाव असावं. "खूप खर्च झाला" याऐवजी रक्कम, "उशीर झाला" याऐवजी किती वाजले ते.

सूची रोज करायची नाही. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. मागची सात दिवसांची पानं चाळायची आणि पुढे शोधावंसं वाटेल तेवढंच सूचीत घ्यायचं: विषय, पान. आठवड्याला तीन ते पाच ओळी पुरतात. सगळंच सूचीत घातलं तर सूचीच वाचावी लागते. एखादा विषय अनेक पानांवर विखुरला असेल तर पानाच्या खालच्या कोपऱ्यात मागच्या आणि पुढच्या पानाचा क्रमांक लिहा: "← ३४, → ७१". रायडर कॅरल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या बुलेट जर्नलच्या पद्धतीत सूची आणि ही पानांची साखळी दोन्ही आहेत. त्यातल्या कामांच्या याद्या घेतल्या नाहीत तरी या दोन गोष्टी जरूर उचलाव्यात.

सांजपान
शिरोरेखा, प्रतिसाद छापून वहीत चिकटवावा असा आहे. पण एक शंका. प्रत्येक नोंदीत आकडा आणि नाव असा नियम केला की रोजनिशीची हजेरीवही होत नाही का? मनात काय चाललं आहे ते कुठे जाणार?

शिरोरेखा
मन लिहायचंच. फक्त त्याच्या खाली जमीन हवी. "आज फार वाईट वाटलं" ही ओळ पुढे काहीच परत देत नाही. कशामुळे, कोण काय म्हणालं, किती वाजता, नंतर काय केलं हे असेल तर ते वाईट वाटणं तसंच्या तसं परत उभं राहतं.

कोपऱ्यातला_दिवा
सांजपान यांचा मुद्दा इतक्या लवकर सोडू नये. दिवसाची नोंद आणि मन मोकळं करण्यासाठी केलेलं लिखाण ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्या रीतीही वेगळ्या.

दुसऱ्या कामावर मानसशास्त्रात बराच अभ्यास आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मधला प्रयोग त्याची सुरुवात मानला जातो. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायचं. शुद्धलेखन, वाक्यरचना कशाची पर्वा करायची नाही. हात थांबवायचा नाही, सुचलं नाही तर आधीचंच पुन्हा लिहायचं. या प्रकारात लिहून झाल्याझाल्या मन जड होतं, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून झोपण्याच्या अगदी आधी हे करू नये. नंतर अर्धा तास मोकळा ठेवावा.

चुकतं कुठे? तीच घटना त्याच शब्दांत पंधरा दिवस उगाळली जाते. तो चाकोरीत अडकलेला विचार असतो, आणि वही त्याला खतपाणी घालते. पेनबेकर यांच्या पुढच्या कामात असं दिसलं की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'लक्षात आलं', 'म्हणून' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना फायदा जास्त झाला. तेव्हा चौथ्या दिवशी आधीची तीन पानं वाचा. काहीच हललं नसेल तर विषय बाजूला ठेवा, किंवा तीच घटना तृतीयपुरुषात, दुसऱ्या कोणाची असल्यासारखी लिहून पाहा. लिहून मन सतत अधिकच खाली जात असेल तर वही मिटून समुपदेशकाकडे जावं. वहीला सगळं पेलत नाही.

हे लिखाण वेगळ्या, साध्या वहीत करावं. ते टिकवायची गरज नसते, आणि टिकवायची वही त्यापायी फाडली जात नाही.

सांजपान
दोन वह्या! हे पटलं. आभार.

पाचोळा
मला मूळ अडचण वेगळीच दिसते. एवढी तयारी करून रोज लिहिणं होत नाही, आणि चार दिवस चुकले की वही कपाटात जाते.

अर्धविराम
पाचोळा, चुकलेल्या दिवसाचं ओझं घेऊ नये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा सवयींवरचा २०१० मधला अभ्यास आहे. नवी कृती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्याजोगा अडथळा आला नाही. '२१ दिवसांत सवय' हे विसरा.

करायचं एवढंच: आधीच्या पक्क्या कृतीला जोडायचं. दात घासून झाले की वही. वही आणि पेन त्याच जागी, पेन वहीतच अडकवलेलं. वही कपाटात आणि पेन दप्तरात असेल तर लिहिणं होणार नाही. किमान मर्यादा दोन ओळींची ठेवा, आणि चांगल्या दिवशीसुद्धा ती वाढवू नका. जास्त लिहिलं तर उत्तम, पण हिशेब दोन ओळींचाच.

चुकलेले दिवस मागून भरू नयेत. आठवून लिहिलेली नोंद त्या दिवसाच्या तारखेखाली घातली की रोजनिशी खोटी होते. आजच्या तारखेखाली "मागच्या चार दिवसांबद्दल" असं लिहावं. कोरी पानंही सोडू नका. तारखा छापलेली डायरी याच कारणाने नको, कोरी पानं रोज खुपत राहतात.

चौकट
तारखा छापलेल्या डायरीचा एक चांगला अवतार आहे: पाच वर्षांची. ३६६ पानं, प्रत्येक तारखेला एक पान, पानाचे पाच भाग, प्रत्येक भाग एका वर्षाचा. दुसऱ्या वर्षापासून लिहिताना गेल्या वर्षीची तीच तारीख डोळ्यांसमोर येते. समासरेषा यांच्या 'सापडण्या'च्या प्रश्नाला हे निम्मं उत्तर आहे, कारण वाचन लिहिण्यातच होतं.

घरी करायची असेल तर आकडे देतो. ए६ नको. १४८ मिलिमीटरचे पाच भाग केले तर जुजबंदी यांच्या ८ मिलिमीटरच्या रेघांनी एका भागात तीनच ओळी बसतात. ए५ वर वर २० मिलिमीटर सोडून प्रत्येक भाग ३८ मिलिमीटर, म्हणजे चार ओळी आणि थोडी जागा. ३६६ पानं म्हणजे १८३ कागद, ८० जीएसएमचे असतील तर जाडी १८-१९ मिलिमीटर, पुठ्ठे वेगळे. वर्षाचा आकडा आधी छापू किंवा लिहू नका, भाग भरताना लिहा. मग एखादं वर्ष चुकलं तरी भाग वाया जात नाही आणि वही सहा-सात वर्षं चालते. पहिलं वर्ष कंटाळवाणं जातं. ते रेटायचं.

निळी_रेघ
कोणी बघेल ही भीती असते त्यांनी काय करावं? सांकेतिक लिपी चालेल का?

शिरोरेखा
चालेल, पण किल्ली कुठे ठेवता ते महत्त्वाचं. इंग्लंडमधल्या सॅम्युअल पेप्सची १६६० ते १६६९ ची रोजनिशी शेल्टनच्या लघुलिपीत आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ यांनी ती उलगडायला घेतली आणि त्यात तीन वर्षं गेली. त्या लघुलिपीचं पुस्तक पेप्सच्याच ग्रंथसंग्रहात, रोजनिशीच्या खंडांपासून थोड्या अंतरावर होतं. स्मिथ यांना ते ठाऊक नव्हतं. स्वतः बनवलेली लिपी दहा वर्षं वापरली नाही तर लिहिणाऱ्यालाही अडखळत वाचावी लागते. त्यापेक्षा नावांची लघुरूपं आणि माणसांचं पान वहीपासून वेगळं ठेवणं, इतकं पुरतं. आणि आपल्या पश्चात या वह्यांचं काय करायचं, कोणी वाचायच्या की नष्ट करायच्या, ते पहिल्या पानावर साध्या अक्षरात लिहून ठेवा.

बिंदू_बिंदू
संगणकावर लिहिणाऱ्यांचा पक्ष कोणीच मांडला नाही. शोधणं हाच प्रश्न असेल तर वहीपेक्षा मजकूर-फाइल सरस. पण मराठीत तिथे वेगळे खड्डे आहेत.

साधी मजकूर-फाइल, युटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) मध्ये, दिवसाला एक, नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमात: २०२४-०५-१७. महिना आणि दिवस दोन आकडी हवेतच, नाहीतर क्रम बिघडतो. नावात देवनागरी आकडे घ्या किंवा रोमन, पण एकच. मिसळले तर संगणक दोन वेगळे ढीग लावतो.

शोध का फसतो ते बघा. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲ' चंही तेच: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. मोबाइलचा कळफलक एक देतो, संगणकाचा दुसरा. उपाय म्हणजे शोधायचे शब्द या अक्षरांशिवाय ठरवा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी '#घर', '#पैसे', '#तब्येत' असे पंधरा-वीस ठरावीक शब्द लिहा आणि त्यांची यादी एका फाइलीत ठेवा. यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही.

श्रीलिपी, कृतिदेव यांच्यासारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेल्या जुन्या फाइली असतील तर आजच बदलून घ्या. त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, रोमन चिन्हांवर मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट गेला की उरतो तो कचरा. परिवर्तकातून काढल्यावर रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि पीडीएफही ठेवा.

प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. ॲपमध्ये लिहीत असाल तर सगळा मजकूर बाहेर काढायची सोय आहे का ते पहिल्याच दिवशी करून बघा. संकेतशब्द लावलात तर तो कागदावर, बंद पाकिटात. तो हरवला तर चांगल्या कूटबद्ध फाइलीपुढे कोणाचंच चालत नाही.

जुजबंदी
बिंदू, फार उपयोगी. वहीच्या बाजूने थोडं राहिलं आहे.

वहीत काही चिकटवायचं असेल तर सेलोटेप नको. तिचा चिकट थर पिवळा होतो, कागदात झिरपतो आणि वरची पट्टी गळून पडते. पातळ लावलेली गव्हाच्या पिठाची खळ किंवा आम्लमुक्त गोंद बरा. पण खळ कसरीला आवडते, म्हणून कमीत कमी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, त्या आपोआप कोऱ्या होतात. आकडे वहीत उतरवून घ्या. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारचं पान तपकिरी करतं, त्याची झेरॉक्स चिकटवा. आणि प्रत्येक चिकटवलेल्या कागदासाठी मागचं एक पान पाठीपासून अर्धा इंच ठेवून कापा, नाहीतर वही फुगून शिलाईवर ताण येतो.

ठेवताना उभी ठेवा, शेजारी आधार देऊन. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. भिंतीला लागून किंवा जमिनीलगत ठेवू नका. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत तर नकोच. आत दमट हवा कोंडली की बुरशीला आयतं घर मिळतं.

टिपकागद
आणि वही भिजलीच तर?

जुजबंदी
नुसती दमट असेल तर उभी करून पानं पंख्यासारखी किंचित उघडा आणि पंख्याची गार हवा अंगावरून जाऊ द्या. दर दहा-पंधरा पानांमागे एक टिपकागद, ओला झाला की बदलायचा. खूप टिपकागद कोंबले तर पाठ फुटते. केस वाळवायचं यंत्र, ऊन, इस्त्री काही नको. कागद वाकडा होतो आणि शाई सरकते.

चिंब असेल तर उघडूच नका. बुरशी साधारण ४८ तासांत सुरू होते, त्याआधी मेणकागदात सैल गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. त्याने वही दुरुस्त होत नाही, वेळ मिळतो. एका वेळी एक वही बाहेर काढून वाळवता येते, किंवा कागदसंवर्धन करणाऱ्याकडे नेता येते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका.

समासरेषा
सगळ्यांचे मनापासून आभार. नव्या वहीचं आता स्पष्ट झालं. पण ज्यांच्याकडे सूची नसलेल्या, पानांवर क्रमांक नसलेल्या जुन्या वह्या आहेत त्यांनी काय करावं? मूळ प्रश्नातला हा भाग राहिला.

शिरोरेखा
बरं झालं आठवण केलीत. आधी वह्या कालक्रमाने लावून प्रत्येकीला क्रमांक. तो पाठीवर लिहू नका. आम्लमुक्त कागदाची पट्टी पानांत घाला, वरून बोटभर दिसेल अशी, आणि तिच्यावर क्रमांक आणि कालावधी. मग पानांना क्रमांक, पेन्सिलीने, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात. पेनाने नाही. मधलं एखादं पान सुटतंच आणि पुढचे सगळे क्रमांक बदलावे लागतात.

पुढे एक तक्ता करा, कागदावर किंवा संगणकावर: वही, पान, तारीख, विषय, माणसं. एका बैठकीत वीस पानं, जास्त नाही. पानाला दोन मिनिटं धरली तर २०० पानांच्या वहीला पावणेसात तास, म्हणजे दहा बैठका. वाचत बसलात तर याच्या तिप्पट. म्हणून पहिल्या फेरीत फक्त तारीख आणि ठळक विषय. न कळलेल्या नोंदीसमोर प्रश्नचिन्ह घाला आणि पुढे जा.

कोपऱ्यातला_दिवा
ती प्रश्नचिन्हं फार काळ ठेवू नका. 'तो' कोण हे सांगू शकणारी माणसं आज फोनवर आहेत तोवर विचारून घ्या. मिळालेलं उत्तर वहीच्या मजकुरात घुसडू नका, समासात पेन्सिलीने लिहा, आणि शेजारी विचारल्याची तारीख.

समासरेषा
समासात, तारखेसह. पहिल्या वहीपासून सुरू करते.